आपल्या कॉलेजच्या फुटबॉल मैदानाचा इतिहास कसा लिहावा : एका मोजणीदाराची रीत

मी इतिहासाचा माणूस नव्हे. चौतीस वर्षं भूमापन खात्यात मोजणीदार होतो. खानापूर, हुक्केरी, चिकोडी, बेळगाव, सगळीकडच्या बांधांवरनं आधी साखळी आणि मग टेप ओढत हिंडलो. त्याच्या आधी, १९७१ ते ७४, कॉलेजच्या टीममध्ये राइट बॅक होतो. निवृत्त झाल्यावर माजी विद्यार्थ्यांनी गळ घातली, आपल्या मैदानाच्या इतिहासावर चार पानं लिही. चार पानांना अडीच वर्षं लागली. ती वाचून आता खानापूरचे, निपाणीचे, गडहिंग्लजचे लोक विचारतात, आमच्या मैदानाचं लिहायचं तर सुरुवात कुठनं करू? प्रत्येकाला फोनवर तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून काढतो.

आमच्या कॉलेजचं नाव इथं लिहीत नाही. पुढं कंपाउंडच्या भिंतीचा विषय आहे आणि या वयात मला कोर्टाची पायरी चढायची नाही. आम्ही त्या मैदानाला 'स्टेडियम' म्हणायचो एवढं सांगतो. स्टेडियम म्हणजे काय, तर पश्चिमेच्या अंगाला जांभ्या दगडाच्या पाच पायऱ्या, वर पत्रा नाही, पावसात शेवाळ धरायचं आणि पहिल्या पायरीवर बसणाऱ्याच्या चड्डीला तांबडा डाग हमखास. पण धारवाडच्या पोरांना सांगताना छाती पुढं काढून सांगायचो, आमच्याकडं स्टेडियम आहे.

आधी टेप, मग तोंड

नवखा माणूस काय करतो? वही घेतो आणि सगळ्यात म्हाताऱ्या खेळाडूकडं जातो. मीही तेच केलं आणि पहिले सहा महिने वाया घालवले. म्हाताऱ्या माणसाला गोल आठवतात, मैदान आठवत नाही. तुम्हालाच मैदान माहीत नसेल तर त्याला नेमकं विचारणार काय?

म्हणून पहिल्या रविवारी सकाळी मैदानावर जा. सोबत शंभर फुटी टेप, दोन पोरं, चार खिळे, एक वही. कंपाउंडपासून कंपाउंडपर्यंत उत्तर-दक्षिण मोजा, पूर्व-पश्चिम मोजा. दोन्ही कर्णही मोजा. कर्ण मोजल्याशिवाय कोपरे काटकोनात आहेत की नाहीत ते कळत नाही, आणि जुनी मैदानं सहसा काटकोनात नसतात. गोलपोस्टची रुंदी आणि उंची घ्या. नियमाप्रमाणं आठ यार्ड आणि आठ फूट हवी, म्हणजे ७.३२ मीटर आणि २.४४ मीटर. आमच्या उत्तरेच्या पोस्टची उंची सात फूट सात इंच भरली. पोस्ट बुटका नव्हता. त्याच्याखाली दर उन्हाळ्यात टाकलेल्या मातीनं जमीनच पाच इंच वर आली होती. आता कळलं, आम्ही त्या बाजूला जास्त गोल का खायचो नाही.

आकडे फुटात आणि मीटरमध्ये दोन्ही लिहा. जुने कागद फुटातले, त्याहून जुने साखळीतले. मुंबई इलाख्याच्या मोजणीची साखळी ३३ फुटी, तिचे भाग १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. हे पाठ करा, कारण पुढं ते दर पानाला लागणार. १०५ बाय ६८ मीटरचं आजचं मोठं मैदान घेतलं तर ते जेमतेम साडेसत्तर गुंठे होतं, म्हणजे एक एकर साडेतीस गुंठे. कुणी सांगितलं की आमचं मैदान 'पाच एकर' होतं, तर उरलेल्या सव्वातीन एकरांत काय होतं ते विचारा. तिथंच गोष्ट असते.

कागद कुठं सापडतो

इथं आपल्या भागाची अडचण वेगळी. पुण्या-साताऱ्याच्या माणसाला एका जिल्ह्याच्या कचेरीत जे मिळतं ते आपल्याला चार ठिकाणी शोधावं लागतं. जमीन तीच राहिली, वर सरकारं बदलत गेली.

१९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात. मग म्हैसूर राज्य. १९७३ पासून कर्नाटक. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, नंतर तो कोल्हापूरला जोडला गेला. शहापूर तर सांगली संस्थानात होतं, म्हणजे बेळगावातनं शहापुरात चालत गेलं की राज्य बदलायचं. तुमचं मैदान यातल्या कुठल्या हद्दीत होतं हे न बघता कागद मागायला गेलात तर कारकून 'नाही' म्हणेल आणि तो खरंच बोलत असेल.

मैदान गावठाणाबाहेर असेल तर सर्व्हे नंबर शोधा आणि त्याचा आरटीसी, म्हणजे आपला पहाणी उतारा, काढा. सरकारच्या 'भूमी' या जमीन नोंदींच्या कॉम्प्युटरवर जे येतं ते अलीकडचं. हातानं लिहिलेल्या पहाण्या तहसीलदार कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये असतात. त्यासोबत फेरफाराची नोंद मागा, कारण जमीन कॉलेजकडं कशी आली, विकत, बक्षीस की भाडेपट्ट्यानं, हे फेरफारातच असतं. भूमापन कचेरीतनं आकारबंद, म्हणजे सर्व्हे नंबरांच्या क्षेत्राचा आणि आकाराचा तक्ता, आणि टिपण काढा. टिपण म्हणजे मोजणीदारानं शेतात उभं राहून काढलेला कच्चा नकाशा. माझा सगळ्यात जास्त विश्वास याच कागदावर. पक्का नकाशा टेबलावर होतो, टिपण उन्हात होतं. शहरात असेल तर सीटीएस, म्हणजे सिटी सर्व्हेचा, उतारा. कॅम्प भागातलं मैदान असेल तर यातलं काहीच मिळणार नाही. तिथल्या जमिनीची रजिस्टरं कॅन्टोन्मेंट बोर्डाकडं.

जुनं टिपण मोडी लिपीतलं निघालं तर घाबरू नका. आकडे आणि ठरावीक शब्द एवढंच असतं, दोन महिन्यांत वाचता येतं. मी खात्यात शिकलो. तुमच्या गावात एखादा वकिलाचा जुना कारकून असेल तर त्याला चहा पाजा.

माहिती अधिकारात अर्ज करायचा तर फी दहा रुपये, उत्तर तीस दिवसांत. पण कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत बसवावा लागतो. मी पहिल्या अर्जात मैदानाची जमीन, पायऱ्यांचा खर्च आणि भिंतीची परवानगी असं सगळं एकत्र कोंबलं आणि तो परत आला. दुसरा तीन तुकड्यांत केला. कन्नडमध्ये लिहिला, शेजारच्या अक्कांनी तपासून दिला, माझी दोन वाक्यं खोडून म्हणाल्या, "काका, हे भांडण वाटतंय, अर्ज वाटत नाही." त्यांचं बरोबर होतं.

विद्यापीठाचे कागद वेगळेच. बेळगावचं जुनं कॉलेज आधी मुंबई विद्यापीठाला जोडलेलं असणार. कर्नाटक विद्यापीठ १९४९ साली स्थापन झालं आणि पुढं धारवाडला आलं, मग आपली कॉलेजं तिकडं. २०१० साली राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं आणि ती आपल्याच गावाजवळ भूतरामनहट्टीला आली. म्हणजे एकाच मैदानावरच्या आंतरकॉलेज सामन्यांचे निकाल तीन विद्यापीठांच्या कपाटात. माझा अनुभव असा, की विद्यापीठात हेलपाटे मारण्याआधी कॉलेजचा वार्षिक अंक गाठा. त्यात शेवटच्या पानांत 'जिमखाना अहवाल' असतो. कविता कुणी वाचत नाही, अहवाल तर त्याहून नाही, म्हणून ती पानं कोरीच्या कोरी राहतात. टीम, निकाल, खर्च, कुणाला युनिव्हर्सिटी ब्लू, म्हणजे विद्यापीठाच्या टीमकडनं खेळल्याचा मान, मिळाला, नवी जाळी कधी आणली, सगळं तिथं.

पेपर बघायचे तर आपल्याकडं 'तरुण भारत' १९१९ पासूनचा, आणि सार्वजनिक वाचनालयात जुन्या फायली मिळतात का ते विचारा. जाताना तारखांचा अंदाज घेऊन जा. नुसतं 'साठच्या दशकातलं बघतो' म्हणून बसलात तर चार दिवसांत डोळे जातील. फुटबॉल आपल्याकडं पावसाचा खेळ, जुलै ते सप्टेंबरची फाइल आधी मागा. आणि बोटाला थुंकी लावून पान उलटू नका. पान फाटतंच, शिवाय बाई ओरडतात.

पायऱ्या कधी बांधल्या

आता प्रत्यक्ष एक गोष्ट तपासायची कशी, ते आमच्या पायऱ्यांवरनं सांगतो. आमच्या पिढीची पक्की समजूत, की पायऱ्या १९६२ साली झाल्या. स्मरणिकेतही तसं छापलं होतं. पायऱ्यांच्या टोकाला एक कोनशिला होती, पण तिच्यावर दर गॅदरिंगला चुना आणि नंतर डिस्टेंपर चढवून तिचं पिठलं केलेलं.

कोनशिला वाचायची रीत लक्षात ठेवा. खिळ्यानं, पटाशीनं अजिबात खरवडू नका. साधं पाणी मारा, अर्धा तास थांबा, मग नारळाच्या शेंडीनं हलक्या हातानं गोल गोल घासा. चुना निघतो, अक्षर राहतं. ॲसिड वगैरे कुणी सुचवलं तर त्याला मैदानाबाहेर काढा. चुना निघाला तरी दिवसा अक्षर दिसत नाही, कारण ऊन समोरनं पडतं. रात्री आठ वाजता जा आणि बॅटरी दगडाच्या कडेला टेकवून प्रकाश आडवा सोडा. बुजलेल्या अक्षरांच्या कडांना सावल्या पडतात आणि ओळ उभी राहते. फोटोही तेव्हाच काढा, डावीकडनं एक, उजवीकडनं एक.

आमच्या दगडावर पहिल्यांदा दिसलं ते 'मुंबई राज्य'. मी आणि सोबतचा मुलगा दोघंही गप्प. मुंबई राज्य लिहिलंय म्हणजे दगड १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीचा. १९६२ तिथल्या तिथं बाद. सालाचे तीन आकडे वाचता आले, १, ९, ५. चौथ्याच्या जागी टवका उडालेला. कुणाच्या तरी फ्री किकचा प्रताप असणार, माझाही असू शकेल.

मग उरलं १९५० ते ५६ मधलं साल काढणं. कॉलेजच्या जुन्या बिलांच्या फायलीत जांभ्या दगडाच्या गाडीचं बिल सापडलं, तारखेची जागा वाळवीनं खाल्लेली. पण रक्कम रुपये, आणे, पैमध्ये. नये पैसे आले १ एप्रिल १९५७ ला, म्हणजे इथंही मेळ बसला. तुम्हीही कुठलंही बिल हातात घेतलं की आधी हे बघा: आणे की पैसे, फूट की मीटर, आणि लेटरहेडवर राज्य कुठलं.

तिसरा धागा तोंडी होता. ऐंशी पार केलेले एक काका मला पुन्हा पुन्हा सांगत होते, "पायऱ्यांच्या उद्घाटनाला गोव्याची टीम आल्ती रेल्वेनं. स्टेशनवर आम्हीच आणायला गेल्तो की." आणि साल सांगायचे अठ्ठावन्न. आता गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडं. १९५५ साली भारतानं नाकेबंदी केली आणि हद्दीवरच्या कॅसलरॉक स्टेशनाकडनं गोव्यात जाणारी रेल्वे बंद झाली. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला. अठ्ठावन्न साली गोव्याची टीम रेल्वेनं बेळगावात उतरणं शक्यच नाही. काका खोटं बोलत होते का? नाही. टीम त्यांनी बघितली होती, रेल्वेही बघितली होती, फक्त साल चुकलं; रेल्वेनं आली म्हणजे नाकेबंदीच्या आधीच. माणसाला प्रसंग आठवतो, साल तो नंतर चिकटवतो. म्हणून साल कधीच विचारू नका. 'तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का', 'सायकल कुठली होती', 'रेल्वेनं आले की मोटारीनं' असं विचारा.

शेवटी १९५२-५३ च्या वार्षिक अंकातल्या जिमखाना अहवालात एकच ओळ मिळाली, की यंदा प्रेक्षकांसाठी दगडी पायऱ्यांची सोय झाली. एक ओळ. तिच्यासाठी कोनशिला, बिल आणि काकांची रेल्वे असं सगळं जुळवावं लागलं. नुसती ती ओळ आधी सापडली असती तर मी तिच्यावर विश्वास ठेवला असता का, कुणास ठाऊक. जिमखाना सेक्रेटऱ्या अहवालात काय काय ठोकून देतात ते मी स्वतः लिहिलेल्या एका अहवालावरनं जाणतो.

फोटोतनं काळ कसा ओळखावा

टीमचे फोटो सगळ्यांकडं असतात आणि मागं साल कुणीच लिहिलेलं नसतं. अशा वेळी चेहरे बघू नका, बॉल बघा. मधल्या खेळाडूच्या पायाशी चामड्याचा तपकिरी बॉल असेल आणि त्याला बुटासारखी लेस असेल तर साधारण साठच्या आधीचा किंवा आसपासचा. लेसवाला बॉल पावसात भिजला की दगड व्हायचा आणि लेसच्या बाजूनं हेड केला की कपाळावर वळ उठायचा. पांढऱ्या-काळ्या बत्तीस तुकड्यांचा बॉल असेल तर बहुधा १९७० नंतरचा, त्या वर्षीच्या वर्ल्ड कपमधनं तो सगळीकडं गेला.

मग पाय बघा. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आपले बरेच खेळाडू फ्रान्सविरुद्ध अनवाणी खेळले आणि १-२ ने हरले. पुढं पन्नाशीच्या दशकात बूट सक्तीचे झाले. फोटोत अकरापैकी सात जण अनवाणी असतील तर जुना फोटो. पण आपल्याकडं खेडेगावातनं आलेल्या पोराला बूट परवडायचे नाहीत, तो ७२ सालीही अनवाणीच उभा असायचा. आमच्या टीममध्ये दोघं होते. म्हणून हा पुरावा एकट्यानं चालत नाही.

सामन्याचा फोटो असेल तर जमीन बघा. पेनल्टी बॉक्सच्या वर जो अर्धा गोल असतो, ज्याला आम्ही 'डी' म्हणायचो, तो नियमात १९३७ साली आला. तो दिसला तर फोटो त्यानंतरचा. दिसला नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण फक्की मारणाऱ्या, म्हणजे पांढऱ्या भुकटीनं मैदान आखणाऱ्या, मामांना तो गोल काढायचा कंटाळा यायचा.

फोटो हाताळण्याबद्दल एक ठेच सांगतो. माझ्याकडं १९७३ चा टीमचा फोटो होता, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, खाली सगळ्यांची नावं सुंदर अक्षरात. एका स्मरणिकेसाठी एका संस्थेनं तो मागून नेला. आठ महिन्यांनी परत आला तो नव्या फ्रेममध्ये, चकचकीत काच. फ्रेमवाल्यानं मापात बसवायला पुठ्ठ्याची खालची पट्टी कापली होती. नावं गेली. मागच्या रांगेतला डावीकडनं दुसरा कोण, यावर आम्हा चार म्हाताऱ्यांत अजून भांडण आहे. तेव्हापासून नियम केला: कुणाचा मूळ फोटो घरी आणायचा नाही, माझाही कुणाला द्यायचा नाही. त्यांच्या घरी, कट्ट्यावर सावलीत ठेवून मोबाइलनं काढायचा. फ्लॅश बंद. फोटो, पुठ्ठ्यासकट पूर्ण, आणि मागची बाजू, असे तीन.

माणसं

आता म्हाताऱ्या खेळाडूंकडं जा. पण एकटं बसवून 'सांगा तुमच्या आठवणी' असं म्हणू नका, त्यावर भाषण मिळतं. शक्य असेल तर त्यांना रिक्षात घालून मैदानावर आणा आणि पेनल्टी बॉक्सच्या जागी उभं करा. गोलच्या मागं काय होतं? बॉल बाहेर गेला तर कुणाच्या शेतात जायचा? पाणी कुठं प्यायचा? पाय चालायला लागले की तोंडही चालतं. एक काका उत्तरेच्या गोलमागं उभे राहून म्हणाले, "हितं विहीर होती. बॉल पडला की बादली सोडायचो." विहिरीचा पत्ता कुठल्याच नकाशावर नव्हता. जुनं टिपण पुन्हा उघडलं तर तिथं एक छोटा गोल होता, तो मी शाईचा डाग समजलो होतो. चौतीस वर्षं मोजणीदार!

जुने खेळाडू फक्त बेळगावात शोधू नका. चंदगडचे, गडहिंग्लजचे बरेच जण शिकायला इकडं यायचे आणि नंतर परत गेले. गडहिंग्लजला दिवाळीत फुटबॉलच्या स्पर्धा भरतात, तिथं गॅलरीत दोन तास बसलात तर तीन जुने गडी सापडतील. कोल्हापूरला तालमींच्या टीमा आहेत, तिथला माणूस आपल्या मैदानाबद्दल बोलताना आधी अर्धा तास शाहू स्टेडियमबद्दल बोलेल, ते ऐकून घ्या.

आणि घरातल्या बायकांना विचारा. हे मला फार उशिरा सुचलं. एका ब्लू मिळालेल्या खेळाडूकडं तीनदा गेलो, ते म्हणायचे साल आठवत नाही. चौथ्यांदा काकू आतनं म्हणाल्या, "अहो, ते ब्लेझर आहे की ट्रंकेत." ट्रंक उघडली, डांबरगोळ्यांचा वास, जुन्या शालूखाली गडद निळं ब्लेझर. खिशावर विद्यापीठाचं चिन्ह पिवळ्या रेशमानं भरलेलं आणि खाली साल, १९६४-६५. काकूंनी पन्नास वर्षं दर दसऱ्याला ते उन्हात घातलं होतं. त्या स्वतः एकदाही मैदानावर गेल्या नव्हत्या. का, म्हटलं, तर म्हणाल्या, "आम्हाला पायऱ्यांवर बसायला कोण देत होतं? लेडीज रूमच्या खिडकीतनं दिसायचं तेवढं." इतिहासात ती खिडकीही लिहा.

बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करत असाल तर आधी विचारा. फाइलला लगेच नाव द्या: तारीख, कोण, कुठं. माझ्याकडं 'रेकॉर्डिंग १७' नावाची एक फाइल आहे, त्यात कुणीतरी खूप महत्त्वाचं काहीतरी सांगतंय आणि तो कोण ते मला सांगता येत नाही.

मैदान खेळावर कसा हक्क गाजवतं

पुतण्या बोस्टनला असतो. मी हे काम करतोय म्हटल्यावर तो हार्वर्ड विद्यापीठाच्या स्टेडियमचे फोटो पाठवत बसला. १९०३ साली सळया घातलेल्या काँक्रीटचं बांधलेलं, आजही उभं. १८७९ च्या बॅचच्या माजी विद्यार्थ्यांनी त्याला एक लाख डॉलर दिले होते. आमच्या माजी विद्यार्थ्यांनी चार पानांसाठी दोन हजार देताना पावती मागितली, असो. त्यांचा फुटबॉल वेगळा, अंडाकृती बॉल हातात घेऊन पळायचा. १९०५ च्या सुमारास त्यात पोरं मरायला लागली, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनं विद्यापीठांना बोलावून घेतलं, नियम बदला म्हणाला. येलच्या वॉल्टर कॅम्पचं म्हणणं, मैदान रुंद करा, म्हणजे रेटारेटी कमी होईल. पण हार्वर्डचं काँक्रीट तर नुकतंच उभं राहिलेलं, ते कोण पाडणार? मैदान रुंद करणं राहिलं आणि १९०६ साली बॉल पुढं फेकायची परवानगी आली. आज त्यांचा अख्खा खेळ त्या फेकीवर चालतो. भिंत हलेना म्हणून नियम हलला.

हे वाचल्यावर मी माझी वही परत काढली. आमच्या वेळी मैदान चौसष्ट यार्ड रुंद आखायचे, १९२ फूट. आता साठ यार्ड आखतात, १८० फूट. विंगवरनं पळायला जागा नाही, म्हणून आताची पोरं सगळं मधनं खेळतात आणि आम्ही म्हातारे पायरीवर बसून 'विंग वापरा रे' म्हणून ओरडतो. चार यार्ड गेले कुठं?

टिपणावर पूर्व-पश्चिम रुंदी होती सहा साखळ्या चार आणे. म्हणजे २०६ फूट ३ इंच. त्यात १९२ फुटांचं मैदान आरामात, दोन्हीकडं सात-सात फूट मोकळे. पहिल्या रविवारी मी टेपनं मोजलेली रुंदी होती १९४ फूट ११ इंच. अकरा फूट चार इंचांचा फरक. टेपची चूक एवढी नसते. पूर्वेची भिंत कधीतरी आत सरकली होती.

तुम्हालाही असं काही सापडेल, प्रत्येक जुन्या मैदानाला सापडतं. तेव्हा दोन गोष्टी पाळा. एक, कोणी केलं हे लिहू नका, किती फूट गेलं एवढंच लिहा. आकड्यावर कुणी फिर्याद करत नाही. दोन, छापण्याआधी दुसऱ्या एखाद्या मोजणीदाराकडनं पुन्हा मोजून घ्या.

लिहिताना

वहीच्या पानाचे तीन रकाने करा: सांगितलेलं, कागदावरचं, जमिनीवरचं. एखादी गोष्ट दोन रकान्यांत आली की लिहायला घ्या. एकाच रकान्यात असेल तर 'असं सांगतात' म्हणून लिहा, त्यात कमीपणा नाही. देणगीदारांची यादी कितीही दबाव आला तरी शेवटी टाका. सुरुवातीला टाकलीत तर पुढचं कुणी वाचत नाही. फक्की मारणाऱ्या मामांचं नाव मात्र मधेच, गोष्टीत आलं पाहिजे.

मराठीत लिहून झालं की एक प्रत कन्नडमध्ये करून घ्या. आमच्या आताच्या टीममध्ये निम्मी पोरं कन्नड बोलतात, मैदान त्यांचंही आहे. प्रती कॉलेजच्या ग्रंथालयात, गावच्या वाचनालयात आणि धारवाडला एक अशा ठेवा. पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर टाकलं म्हणजे जपलं, असं समजू नका. आमचा ग्रुप एका निवडणुकीच्या वेळी बंद पडला तो पडलाच.

शेवटचं काम माझं राहिलं होतं, जुना हद्दीचा दगड शोधायचं. टिपणावर आग्नेय कोपऱ्यात तो दाखवलेला. भिंतीपासून बाहेर अकरा फूट चार इंच मोजत मी आणि दोन पोरं रस्त्याच्या कडेला आलो. टेपचं टोक एका चहाच्या गाड्याखाली गेलं. वाकून बघितलं तर काळा, घडीव, डोक्यावर फुलीची खूण. त्याच्यावर एक फळी आणि फळीवर स्टोव्ह. गाडेवाला चहा गाळत होता. मी म्हटलं, "बाळू, हा दगड हलवू नको हं कधी."

"कशाला हलवू ओ काका," तो म्हणाला, "ह्याच्यावरच तर माझा स्टोव्ह बसलाय."